केडगावच्या माळावर शेकडो मुली रडत, हात उंचावत प्रार्थना करू लागल्या आणि पंडिता रमाबाईंनी त्यांना थांबवलं नाही

साल १८७८. कलकत्त्यात एका ख्रिस्ती घरी बैठक भरली होती. पाहुण्यांमध्ये एक मराठी भाऊ-बहीण होते. बहीण वीस वर्षांची. तिला हजारो संस्कृत श्लोक पाठ होते आणि तिची कीर्ती ऐकूनच यजमानांनी बोलावलं होतं.

आधी चहा आणि बिस्किटं आली. ब्राह्मणांसारखी दिसणारी हिंदी माणसं साहेबांच्या पंक्तीला बसून पाव-बिस्किटं खातायत, हे पाहूनच दोघं हादरले. कलियुग आता शेवटाला आलं, असं त्यांना वाटलं. मग प्रार्थना सुरू झाली. सगळे जण उठले, वळले आणि आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले.

समोर ना मूर्ती, ना तसबीर. ही माणसं खुर्च्यांची पूजा करतात की काय, असा प्रश्न त्या मुलीला पडला.

ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. पुढे त्यांनी स्वतःच हा प्रसंग आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला.

रमाबाईंचं नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. विधवांसाठी काम केलं, शारदा सदन काढलं, ख्रिस्ती झाल्या, वाद झाला. एवढ्यावर धडा संपतो. पण त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न लहानपणापासून शेवटपर्यंत दिसतो. देवापुढे माणसानं उभं कसं राहायचं? अंगानं काय करायचं? आणि एकट्यानं करायचं की चार जणांच्या सोबतीनं?

आज त्याच अंगानं त्यांची गोष्ट बघूया.

पायी तीर्थयात्रा, उपास आणि प्रदक्षिणा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं आणि त्यावरून गावकऱ्यांचा विरोध पत्करला. शेवटी ते जंगलात आश्रम बांधून राहिले. आई लक्ष्मीबाई वडिलांकडून शिकल्या आणि रमाबाई आईकडून शिकल्या.

पुढे पैसा संपला आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पुराण वाचायचं, लोक देतील त्या दक्षिणेवर जगायचं. वर्षानुवर्षं हाच क्रम होता.

या घरातली भक्ती पूर्णपणे अंगमेहनतीची होती. थंड पाण्यातली स्नानं, उपास, देवळाला प्रदक्षिणा, दंडवत, तासन्‌तास जप. हातात येईल ते ब्राह्मणांना दान द्यायचं, कारण त्यातून पुण्य लागतं आणि देव सांभाळतो, अशी अनंतशास्त्रींची पक्की श्रद्धा होती.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. दान करण्यात गाठीचं सगळं संपलेलं. मोलमजुरी करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज. अन्न मिळेना तेव्हा झाडपाला खाऊन दिवस काढले. तरी उपास-जप चालूच होते. शेवटी अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि मी मजुरी करतो म्हणाला. पण उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. सगळं काही महिन्यांच्या अंतरात.

आईच्या वेळचा प्रसंग रमाबाई कधी विसरल्या नाहीत. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास. चौथं कोणी नव्हतं म्हणून रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. उंची कमी असल्यामुळे त्यांना ती डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान काही मैलांवर होतं.

उरले दोघं भाऊ-बहीण. ते पायीच उत्तरेकडे फिरत राहिले. काश्मीरकडे झेलमच्या काठी थंडी इतकी होती आणि पांघरूण इतकं नव्हतं, की दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून स्वतःला गाडून घेतलं. रात्र तशी काढली.

याच भटकंतीत त्यांना एका तलावाबद्दल कळलं. तिथे पाण्यावर डोंगर तरंगतात आणि पुण्यवान भक्ताकडे चालत येतात, अशी ख्याती होती. श्रीनिवास पहाटे गुपचूप पोहत गेला तर ते डोंगर म्हणजे माती आणि झाडं लावलेले तराफे निघाले. भक्त दक्षिणा देत, आणि मागून पुजाऱ्यांची माणसं तराफे ढकलत.

लहानपणापासून अंगानं जी भक्ती केली तिच्यावरचा विश्वास असा एकेक करून सुटत गेला. कलकत्त्यात पोचेपर्यंत रमाबाईंचं पांडित्य तसंच होतं, पण मन रिकामं झालं होतं.

पंडिता, सरस्वती आणि मग एकटी

कलकत्त्यात त्यांची परीक्षा घेऊन विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या लोकांशी ओळखी झाल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. तोवर स्त्रीनं वेद वाचू नये, असंच त्या मानत आल्या होत्या.

१८८० साली भाऊ श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. त्यामुळे दोन्हीकडच्या समाजानं पाठ फिरवली. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला.

वय तेवीस, पदरात दहा महिन्यांची पोर, माहेर संपलेलं, सासर तुटलेलं.

नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. एक मिशनरी घरी येऊन बोलायचे. नवऱ्याला ते फारसं रुचलं नव्हतं. पण बी पडलं होतं.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर म्हणून तयार करा, अशी मागणी केली. पुण्यातच त्यांचा संबंध इंग्लंडच्या वाँटेज इथल्या मठातल्या सिस्टरांशी आला. नेहेम्या गोरे हे मूळचे चित्पावन शास्त्री, ख्रिस्ती होऊन पाद्री झालेले. त्यांच्या लिखाणाचाही रमाबाईंवर परिणाम झाला.

स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये पुस्तकाचे पैसे मोडून त्या इंग्लंडला निघाल्या. सोबत छोटी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत.

फुलहॅमचं घर

इंग्लंडमध्ये दोन धक्के बसले. एक, कान. रमाबाईंना ऐकू कमी यायला लागलं होतं आणि बहिरेपणामुळे डॉक्टरकीचा रस्ता बंद झाला. दुसरा धक्का त्याहून मोठा होता. आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आपलं आयुष्य संपवलं. परक्या देशात आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, तेही गेलं.

या काळात त्यांना सांभाळलं ते वाँटेजच्या मठानं. कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन असं त्याचं नाव. १८४८ मध्ये स्थापन झालेला अँग्लिकन सिस्टरांचा संघ. दिवसाचे ठरलेले तास प्रार्थनेचे, उरलेले तास कामाचे.

सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथलं एक घर दाखवलं. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी चालवलेलं. या बायकांना तिथे कोणी हिणवत नव्हतं. सिस्टर त्यांच्यासोबत राहत, त्यांना काम शिकवत, आजारपणात सेवा करत. अशा बाईशी कोणी इतक्या मायेनं वागू शकतं, हे रमाबाईंनी तोवर पाहिलं नव्हतं. धर्मग्रंथांत त्यांनी अशा बायकांसाठी फक्त शिक्षा वाचल्या होत्या.

हे असं का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरनं त्यांना विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या मते त्यांच्या धर्मांतराचा खरा धागा हा होता. आधी त्यांनी माणसं कशी वागतात ते पाहिलं, मग पुस्तक उघडलं.

२९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि मनोरमानं बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी झोडपलं. मात्र जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

मठात राहून मठाशी भांडण

आता इथे गोष्ट गोड होऊन संपली असं वाटेल, पण तसं नाही.

मठातली त्यांची आध्यात्मिक मार्गदर्शक होती सिस्टर जेराल्डीन. रमाबाई तिला प्रेमानं आजीबाई म्हणायच्या. दोघींची जी पत्रं आज छापील स्वरूपात मिळतात ती वाचली की लक्षात येतं, आजी आणि नातीत केवढी जुंपायची.

भांडणं कशावरून? मोठ्या तत्त्वज्ञानावरून तर होतीच. तीन देव की एक, चर्च सांगेल ते सगळं मानलंच पाहिजे का, स्वतःच्या सदसद्विवेकाला किती जागा. पण तितकीच भांडणं शरीराशी जोडलेल्या साध्या गोष्टींवरून होती.

रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. सिस्टरला वाटायचं, हा जातीचा अहंकार अजून गेलेला नाही. रमाबाईंचं म्हणणं, मी काय खावं हे ठरवायला मी मोकळी आहे. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती. जी भाषा मला येत नाही ती अंगावर का मिरवू, लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा जास्त पवित्र असं काय आहे, असा त्यांचा सवाल होता. साडी त्यांनी सोडली नाही.

पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत असताना तरुण इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावं का, हा प्रश्न आला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ते प्रचंड लागलं. वडिलांच्या जंगलातल्या आश्रमात आणि कलकत्त्याच्या पंडितांसमोर जे बंधन त्यांच्यावर आलं नव्हतं ते इथे येत होतं.

सोशल मीडियावर आपण म्हणतो ना, कम्युनिटी म्हणजे सपोर्ट सिस्टीम. रमाबाईंच्या बाबतीत ती तशी होतीच. मनोरमाला सांभाळणारी, दुःखात धरून ठेवणारी, पैशाची सोय करणारी. पण तीच मंडळी त्यांनी कसं खावं, काय घालावं, कुणाचं ऐकावं हेही ठरवू बघत होती. रमाबाईंनी आधार घेतला आणि ताबा नाकारला. नातं मात्र तोडलं नाही. आजीबाईंशी पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला आणि मनोरमाच्या शिक्षणासाठी वाँटेजचं दार उघडं राहिलं.

उघड्या दारातून पेटलेला वाद

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचं. त्या तिथेच राहिल्या, देशभर फिरून व्याख्यानं दिली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. इथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

शारदा सदनात कोणालाही ख्रिस्ती करणार नाही, प्रत्येकीला आपापला धर्म पाळू देणार, हे ठरलेलं होतं. मुलींना त्यांचं सोवळंओवळं, पूजा, उपास करायची मोकळीक होती.

अडचण आली ती रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेची. त्या रोज मनोरमाला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असायचं. काही मुली आत येऊन बसायला लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. त्यांचं म्हणणं, पूजा करणाऱ्या मुलीला मी अडवत नाही, तर माझ्या प्रार्थनेला येऊन बसणारीला का अडवू?

विरोधकांना यात आडून केलेला प्रचार दिसला. दार लावून घेता आलं असतं ना, हा त्यांचा मुद्दा. आश्रयाला आलेली पोर आणि तिला जेवूखाऊ घालणारी बाई, यांच्यात मोकळी निवड कितपत असते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळानं राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

समाजसुधारकांचा आधार गेला. इथून पुढे रमाबाईंची माणसं म्हणजे मुख्यतः त्यांच्या मुली आणि ख्रिस्ती सहकारी.

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेतही बदल झाला होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला नाही, असं त्यांना आठ वर्षांनी जाणवलं. ती भेट १८९१ च्या सुमारास झाली, असं त्या सांगतात. आता प्रार्थना त्यांच्यासाठी रोजच्या व्यवहाराची गोष्ट झाली. पीठ संपलं तर प्रार्थना, विहिरीला पाणी लागेना तर प्रार्थना. लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्याला त्या १५ मुलींना घेऊन गेल्या होत्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी मागणं मागितलं की या पंधराचा वर्ग कर. १५ गुणिले १५, म्हणजे २२५.

दुष्काळ, प्लेग आणि मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्या निघाल्या आणि दुष्काळी भागातून मुली आणि विधवा घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर जखमा, डोक्यात उवा. अशा मुलींना पळवून विकणारे दलालही फिरत होते.

पुण्यात प्लेग आलेला. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे उघड्या माळावर तंबू ठोकले. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा मुली आणल्या. आकडा जवळपास २,००० पर्यंत गेला. रोज एवढ्या तोंडांना जेवण. मग शेती, विहिरी, गाईगुरं, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुली शिकल्या. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन झालं. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, ती त्यांना बोटांनी वाचायला शिकवायची. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. वीस वर्षांपूर्वी फुलहॅममध्ये पाहिलेलं घर आता दौंड तालुक्यात उभं होतं.

या मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झालेल्या अनाथ मुलींवरून टीका होत राहिली. रमाबाईंनी ती मनावर घेतली नाही, किंवा घेतली असेल तरी काम थांबवलं नाही.

जून १९०५

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. खाणीतले कामगार रात्र रात्र चर्चमध्ये गात आणि रडत होते. ती लाट खासी टेकड्यांपर्यंत पोचली. या बातम्या केडगावलाही आल्या.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत संख्या ५५० वर गेली होती. दिवसातून दोनदा जमायच्या.

२९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एक मुलगी उठून ओरडायला लागली. आपल्या अंगात आग उतरली आहे, असं तिला वाटत होतं. शेजारच्या मुलीला खरोखरच ती पेटलेली दिसली म्हणून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार एवढ्यात लक्षात आलं, आग कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे बायबलमधला उतारा समजावून सांगत होत्या आणि एकाएकी मुली मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. कोणी गुडघ्यावर, कोणी उभी, कोणी जमिनीवर पडलेली. कोणी हुंदके देतेय, कोणी आपल्या चुका मोठ्यानं कबूल करतेय, कोणी टाळ्या वाजवत गातेय. शेकडो जणी एकाच वेळी, प्रत्येकीचे शब्द वेगळे. शाळेचे तास बाजूला पडले. हे दिवसेंदिवस चाललं.

ज्या बाई हे बघत होत्या त्यांचा इतिहास आठवा. अंगात येणं, अंगावर काटा येणं, घाटावरचे नवस, तरंगते डोंगर. भक्तीच्या नावानं चालणारी फसवणूक त्यांनी जवळून पाहिली होती. शिवाय त्या शिस्तीच्या भोक्त्या. त्यात कान अधू. अशा गोंगाटात त्यांना काय वाटलं असेल?

सुरुवातीला त्यांनाही हे आवरावं असं वाटलं. बाहेरून टीकाही सुरू झाली. काही मिशनरींना हा उन्माद वाटला, हे हिंदूंच्या अंगात येण्यासारखंच आहे असं म्हटलं गेलं. पण रमाबाईंनी बघितलं की या रडण्यानंतर मुलींची भांडणं मिटतायत, चोरलेल्या वस्तू परत येतायत, आळशी मुली कामाला लागतायत. त्यांनी हस्तक्षेप थांबवला. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रकातून त्यांनी मुलींची बाजूही मांडली. मुद्दा असा होता की शांत बसून मान खाली घालून केलेली प्रार्थना ही युरोपची रीत आहे. हिंदुस्थानातल्या बायकांनी आपलं सुखदुःख आपल्या पद्धतीनं मोकळं केलं तर त्यात देवाला अडचण काय?

बायबलमध्येही प्रार्थना नुसती मनातल्या मनात होत नाही. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचतो, स्तोत्रं हात उंचावायला सांगतात, येशू गेथशेमानेत जमिनीवर पालथा पडतो. आपल्याकडे वारी, रिंगण, लोटांगण हे तर घरचंच. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक कीर्तन आणि अभंगाच्या रूपात ख्रिस्ती भक्ती आणत होते. केडगावच्या मुलींनी मात्र कोणतं रूप ठरवून घेतलं नव्हतं. त्यांचं अंगच बोलायला लागलं.

आणि ही अंगं कोणाची होती? कोणाचे केस कापले गेले होते. कोणी दिवसचे दिवस उपाशी काढले होते. विधवेनं हसायचं नाही, गायचं नाही, समोर यायचं नाही, हे ऐकत वाढलेल्या मुली होत्या या. अपशकुनी म्हणून बाजूला ठेवलेलं शरीर देवासमोर घेऊन त्या उभ्या राहिल्या, तेही शेकडो मैत्रिणींच्या मधोमध. एखादी कोसळली तर धरायला बाजूला कोणीतरी होतंच.

पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊन गाऊ आणि सांगू लागल्या. काही जणी अनोळखी भाषेत प्रार्थना करू लागल्याचे वृत्तान्त आले. रमाबाईंनी स्वतः तसा दावा केला नाही, पण ज्यांना अनुभव आला त्यांना खोटंही ठरवलं नाही.

केडगाव ते चिली

पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात म्हणून जगभर लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटचं नाव घेतलं जातं. ती घटना एप्रिल १९०६ ची. केडगाव त्याआधीचं आहे, हे अभ्यासक आता आवर्जून सांगतात.

मुक्तीमध्ये मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी काम करायच्या. १९०६ मध्ये त्यांनी इथल्या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि चिलीतल्या आपल्या एका जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवलं. तिचे पती विलिस हूवर वाल्पराइसो इथे पाद्री होते. त्या पुस्तकातून प्रेरणा घेऊन तिथे प्रार्थना सुरू झाली आणि १९०९ मध्ये चिलीत पेंटेकॉस्टल चर्च उभं राहायला सुरुवात झाली. दौंड तालुक्यातल्या अनाथ मुलींच्या रडण्याचा आवाज असा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचला.

शेवटचं काम

रमाबाईंची शेवटची वर्षं एका टेबलाशी गेली. मराठी बायबल होतं, पण त्यातली भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांना खुपायचं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. एका बाईनं एकटीनं अख्खं बायबल भाषांतरित करण्याचं हे काम जगातच दुर्मिळ आहे. खिळे जुळवले ते मुक्तीच्या मुलींनी.

कान जवळजवळ गेलेले. अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ई-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जी पुढे सगळं सांभाळेल असं वाटत होतं तीच चाळिशीत गेली. पुन्हा एकदा रमाबाई घरातल्या शेवटच्या उरल्या. फरक एवढाच की आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळत नव्हता, आणि मनोरमाच्या वेळी भोवती अख्खं मुक्ती होतं.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून झालं.

१९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला त्यांचं स्मरण केलं जातं. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे. सोलापूरच्या गाडीनं जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे अजूनही निराधार बायका आणि मुलं राहतात, शिकतात, काम करतात आणि एकत्र प्रार्थना करतात.